छताला बुरशी का लागते?



पावसाळ्यात एकदा मान वर करून आपल्या घराचे छत पाहा. कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात का? तीळ सांडावेत तसे? कोठे हिरवट, करडी, मऊ लव दिसते का? खोलीत शिरताच कोंदट वास येतो का? येत असेल, तर हा धडा तुमच्यासाठी आहे.

मी छत्तीस वर्षे शाळेत मुलांना शिकवले. पण म्हातारपणी या काळ्या ठिपक्यांनी मलाच धडा शिकवला. माझी चूक मी आधी सांगतो. म्हणजे ती तुम्ही करणार नाही.

माझी चूक

आमचे गाव दापोली तालुक्यात. घर जुने, कौलारू. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. आमची निम्मी कौले उडाली. दोन वासे मोडले. थोरला मुलगा मुंबईला नोकरीला असतो. तो म्हणाला, "बाबा, आता कौलं नकोत. स्लॅबच टाकू." पुढच्या उन्हाळ्यात स्लॅब पडला. घर मजबूत झाले. आता वादळ आले तरी भीती नाही, असे वाटले.

दुसऱ्या पावसाळ्यात मधल्या खोलीच्या छताला काळे ठिपके आले. त्या खोलीत माझी सून आणि पाच वर्षांची नात निजतात. मी म्हटले, "काजळी असेल, दुसरे काय!" काठीला केरसुणी बांधली आणि छत खसाखसा झाडले. काळी धूळ खाली पडली. बिछान्यावर पडली, नातीच्या उशीवर पडली. आठ दिवसांत ठिपके परत आले. आधीपेक्षा जास्त आले.

गणपती जवळ आले होते. मी रंगाऱ्याला बोलावले. तो म्हणाला, "गुरुजी, छत ओलं आहे. दिवाळीपर्यंत थांबा." मी ऐकले नाही. पाहुणे येणार, घर बरे दिसले पाहिजे, एवढेच माझ्या डोक्यात. रंग दिला. गणपतीत छत पांढरेशुभ्र होते. दसऱ्याला ते पुन्हा काळे झाले. रंगाचे पोपडे सुटले. पैसे पाण्यात गेले.

पैशाचे एक वेळ जाऊ द्या. नातीला खोकला लागला. दिवसा बरी असे. रात्री निजली की खोकला उसळे. छातीतून शिटीसारखा आवाज येई. सून रात्र रात्र तिला मांडीवर घेऊन बसे. कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणाले, नव्या घराला दोष आहे, शांत करा.

आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी छाती तपासली. औषध दिले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. तो मला अजून आठवतो.

"गुरुजी, मुलगी कुठं झोपते? तिथं भिंतीला, छताला ओल आहे का?"

मी खाली मान घातली. म्हटले, "बाई, आहे. छत काळं झालंय. मीच ते झाडलं."

बाई म्हणाल्या, "ती बुरशी आहे. तिच्याजवळ मुलीला निजवू नका. औषध मी देईन, पण घर तुम्हांलाच बरं करावं लागेल."

बुरशी म्हणजे काय?

बुरशी म्हणजे मळ नव्हे. काजळीही नव्हे. बुरशी जिवंत आहे. शिळ्या भाकरीवर जी लव चढते, ती बुरशीच. लोणच्यात पाण्याचा हात लागला की वर पांढरी साय धरते, तीही बुरशीच्याच जातीची. पावसाळ्यात रानात आळंबी उगवतात. तीही तिची भावंडेच.

सगळीच बुरशी वाईट असते असे नाही. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नावाच्या शास्त्रज्ञाने एका बुरशीत जंतू मारण्याचा गुण पाहिला. त्यातून पुढे पेनिसिलीन हे औषध झाले. त्याने पुष्कळ लोकांचे प्राण वाचले. पण औषधातली बुरशी वेगळी आणि उशाशी वाढणारी बुरशी वेगळी.

बुरशीचे बी फार बारीक असते. डोळ्यांना दिसत नाही. ते हवेत सगळीकडे तरंगत असते. तुमच्या घरात आहे, माझ्या घरात आहे, राजवाड्यातही आहे. ते कोणालाच घराबाहेर ठेवता येत नाही. मग ते सगळीकडे का उगवत नाही?

शेतकऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. कोरड्या जमिनीत बी पडले तर ते उगवत नाही. पाऊस पडला की उगवते. बुरशीचेही तसेच आहे. तिला खायला थोडी धूळ, लाकूड, कागद, रंग काहीही पुरते. पण पाणी मात्र हवेच. पाणी नाही, तर बुरशी नाही. हे एक वाक्य ध्यानात ठेवले, तरी हा धडा अर्धा पाठ झाला.

मी रंग दिला तेव्हा काय केले? बी तसेच ठेवले, पाणी तसेच ठेवले, आणि वर नवा रंग चढवला. शेत झाकले, पण ओल तशीच राहिली. मग पीक येणारच!

बुरशीने काय होते?

बुरशीचे बी श्वासातून नाकात, छातीत जाते. धडधाकट माणसाला एखादी शिंक येते. पण लहान मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना त्रास होतो. नाक वाहते, डोळे चुरचुरतात, खोकला येतो, दमा उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली याविषयी एक पुस्तक काढले. ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वासाचे विकार व दमा यांचा धोका जास्त असतो, असे त्यात सांगितले आहे.

म्हणून ही गोष्ट केवळ घराच्या शोभेची नाही. घरातल्या लेकराच्या श्वासाची आहे.

आधी ओळखा

छतावरचा प्रत्येक डाग बुरशी नसतो. तीन गोष्टी सारख्या दिसतात. त्या अशा ओळखा.

काजळी : चुलीच्या वरच्या बाजूला असते. सगळीकडे सारखी पसरते. बोट लावले की काळी रेघ उठते.

लोणा : भिंतीवर पांढरी पूड फुलते, तो लोणा. तो क्षार आहे. पाण्याचा थेंब लावला की विरघळतो. बुरशी विरघळत नाही.

बुरशी : गोल गोल ठिपके असतात. ते वाढतात, एकमेकांना मिळतात. कोंदट वास येतो.

तरीही शंका राहिली तर एक उपाय आहे. विहिरीत टाकतात ती टी.सी.एल. पावडर चिमूटभर पाण्यात कालवा. काडीला कापूस गुंडाळून त्या पाण्याचा एक थेंब डागाला लावा. दोन-चार मिनिटांत डाग फिका पडला, तर ती बुरशी. काळाच राहिला, तर काजळी. थेंब डोळ्यांत पडू देऊ नका.

पाणी येते कोठून?

आता मुख्य प्रश्न. छताला पाणी मिळते कोठून? ते दोन वाटांनी येते.

पहिली वाट वरून. कोकणात एका पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढे पाणी एका जागी उभे राहिले, तर दाराची चौकट बुडून जाईल! एवढे पाणी स्लॅबवरून वाहून गेले पाहिजे. पाइपाचे तोंड पानांनी बुजले, स्लॅबला उतार नसला किंवा कठड्याच्या मुळाशी चीर गेली, तर पाणी साचते आणि हळूहळू खाली झिरपते.

दुसरी वाट आतून. ही वाट मला ठाऊक नव्हती. पावसात घरात दोरीवर कपडे वाळत घालतो. कपडे वाळतात. मग त्यातले पाणी गेले कोठे? ते हवेत गेले. भात शिजतो, चहा उकळतो, अंघोळीचे पाणी तापते. त्याची वाफ हवेत जाते. आपल्या श्वासातूनही पाणी बाहेर पडते. रोज बादलीभर पाणी असे हवेत मिसळते.

भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढून पाहा. त्याच्या पोटाला थेंब लागलेले असतात. वाफ वर गेली, गार झाकणाला टेकली आणि तिचे पाणी झाले. स्लॅब म्हणजे घरावरचे झाकणच. आमच्या जुन्या घरात कौलांच्या फटींतून धूर जाई, वाफही जाई. स्लॅबला फट नाही. दारे-खिडक्या लावून घेतल्या, की वाफ आतच कोंडते आणि छताला जाऊन बसते.

म्हणून कौले बरी आणि स्लॅब वाईट, असे मी म्हणत नाही. वादळात स्लॅबनेच तारले असते. पण स्लॅबच्या घरात वाफेला वाट आपण करून द्यावी लागते. कौलारू घरात ती आपोआप होती.

प्लॅस्टिकची परीक्षा

पाणी वरून येते की आतून, हे कसे कळावे? एका मिस्त्रीने मला सोपी परीक्षा सांगितली.

आरपार दिसणारे प्लॅस्टिक घ्या. वीतभर लांब, वीतभर रुंद तुकडा कापा. बुरशीच्या शेजारची थोडी स्वच्छ जागा कोरड्या कापडाने टिपून घ्या. तेथे तो तुकडा लावा. चारही कडांना चिकटपट्टी पक्की लावा. हवा आत जाता कामा नये. दोन दिवस तसेच ठेवा. मग पाहा.

प्लॅस्टिकच्या आत, म्हणजे छत आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये थेंब दिसले, तर पाणी स्लॅबमधून येत आहे. तो वरचा झिरपा आहे.

प्लॅस्टिकच्या बाहेरून, आपल्या बाजूला थेंब आले आणि आत कोरडे राहिले, तर पाणी घरातल्या हवेतले आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. नव्या स्लॅबमध्ये बांधकामाचे पाणी वर्षभर मुरलेले असू शकते. म्हणून पहिल्या पावसाळ्यात या परीक्षेवर फार भिस्त ठेवू नका.

आमच्या मधल्या खोलीत थेंब बाहेरून आले. मी थक्क झालो. मी तर सगळ्या स्लॅबला वॉटरप्रूफिंग करायला निघालो होतो. पतपेढीत कर्जाचा अर्जही भरून ठेवला होता. तो अर्ज मी फाडला. वरचे पाणी नव्हतेच. सबंध घराचे कपडे आम्ही त्याच खोलीत वाळवत होतो. वारा-पाऊस नको म्हणून खिडकीला प्लॅस्टिक ठोकले होते. स्वयंपाकघराची वाफही त्याच खोलीत येत होती.

शेजारच्या वहिनींच्या घरी तीच परीक्षा केली. तेथे थेंब आतून आले. पाऊस उघडल्यावर त्यांचा मुलगा स्लॅबवर चढला. फणसाची पाने कुजून पाइपाच्या तोंडाशी घट्ट बसली होती. घोट्याएवढे पाणी साचले होते. पाने काढताच पाणी वाहून गेले. कठड्याच्या मुळाशी चीर होती, ती उन्हाळ्यात मिस्त्रीकडून भरून घेतली.

रोग एकच दिसत होता. पण कारणे दोन होती. कारण न पाहता औषध केले असते, तर दोन्ही घरांचे पैसे फुकट गेले असते.

पाणी कसे थांबवावे?

पाणी वरून येत असेल तर :

मृग लागण्याआधी स्लॅब झाडून घ्या. पाइपांची तोंडे मोकळी करा. पावसाळ्यातही उघडीप मिळाली की पुन्हा पाहा. पाणी साचते ती जागा खडूने आखून ठेवा आणि उन्हाळ्यात तेथे उतार करून घ्या. चिरा मिस्त्रीला दाखवा. कौलारू घर असेल तर फुटकी, सरकलेली कौले पावसाआधी बदला.

छताचा गिलावा फुगला असेल, तुकडे पडत असतील, गंजलेली सळई दिसत असेल, तर त्या खाली कोणालाही निजू देऊ नका. लगेच जाणत्या मिस्त्रीला बोलवा. ते काम आपले नव्हे.

पाणी आतून येत असेल तर :

कपडे पडवीत वाळवा. पडवी नसेल तर घट्ट पिळून एकाच खोलीत घाला, तिचे आतले दार लावा आणि बाहेरची खिडकी उघडी ठेवा. निजायच्या खोलीत ओले कपडे नकोत. भातावर झाकण ठेवा. स्वयंपाक करताना खिडकी उघडा. छताजवळ झरोका नसेल तर एक पाडून घ्या. कारण वाफ वर जाते. कपाट, पेट्या, धान्याच्या कणग्या भिंतीला चिकटवू नका. चार बोटे जागा सोडा. काही भिजले, तर एक-दोन दिवसांच्या आत वाळवा. त्याहून उशीर झाला की बुरशी धरते.

बुरशी कशी काढावी?

पाणी थांबले, की मग बुरशी काढावी. त्याआधी काढलेली बुरशी परत येते.

मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी पाठवा. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये. बिछाने, कपडे, पाण्याची भांडी खोलीबाहेर काढा. विजेचे मुख्य बटन बंद करा. नाकातोंडाला मास्क लावा किंवा दुहेरी फडके बांधा. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे घाला. खिडकी उघडा.

बुरशी कधीही कोरडी झाडू नका. मी तीच चूक केली होती. झाडली की तिचे बी घरभर उडते.

बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि थोडी साबणाची पूड घाला. फडके भिजवून, पिळून बुरशी पुसा. हलक्या हाताने घासा. सुटे झालेले रंगाचे पोपडे ओले करूनच खरवडा. मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या. पक्क्या शिडीवर उभे राहा. खाली एकाने शिडी धरावी. वापरलेली फडकी उकळत्या पाण्यात टाका किंवा पुरून टाका.

पुसून झाल्यावर विजेचे बटन लावून पंखा चालवा. पुसण्याआधी मात्र पंखा लावू नका.

काही लोक टी.सी.एल. पावडरीचे पाणी छताला फासतात. त्याने डाग पांढरा होतो, पण मेलेली बुरशी तेथेच राहते. तिनेही खोकला येतो. म्हणून पुसून काढणे हेच खरे. आणि एक सावधगिरी. ही पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद खोलीत त्याने जीव जाऊ शकतो.

तीन फूट लांब, तीन फूट रुंद जागेहून जास्त बुरशी असेल, तर जाणत्या माणसाची मदत घ्या. बुरशी लागलेली गादी, चटई, पुठ्ठे यांचा मोह धरू नका. फेकून द्या.

छत पूर्ण कोरडे झाल्यावर मगच रंग. चुन्याची सफेदी उत्तम आणि स्वस्त. चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. चुना गाळून घ्या, पातळ करा आणि दोन हात द्या. तेलाच्या रंगावर चुना बसत नाही, तो रंग आधी खरवडावा लागतो. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. गेलाच, तर भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि दवाखाना गाठा.

पुढे काय झाले?

आम्ही नातीला ताबडतोब पुढच्या खोलीत निजवले. खिडकीचे प्लॅस्टिक काढले. कपड्यांची दोरी पडवीत गेली. छताजवळ झरोका पाडला. दिवाळीनंतर छत पुसले, वाळवले आणि चुना दिला. या वेळी रंगारी म्हणाला तेवढे दिवस थांबलो.

पुढच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात चार ठिपके आले. ते सुनेने त्याच दिवशी पुसले. नातीचा खोकला पुष्कळ कमी झाला. अजून थंडीत कधीमधी येतो. डॉक्टरबाईंचे औषध आम्ही सोडलेले नाही. घर कोरडे करणे आणि औषध देणे, दोन्ही करावे लागते. पण आता माझी सून रात्री निजू शकते. मला तेवढे पुरे आहे.

ध्यानात ठेवा

१. पाणी नाही, तर बुरशी नाही.
२. आधी पाण्याची वाट शोधा, मग खर्च करा.
३. ओल्या छताला रंग देऊ नका.
४. बुरशी कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
५. मुलांना बुरशीच्या खोलीत निजवू नका. खोकला राहिला तर दवाखान्यात दाखवा.

आपसांत बोला

तुमच्या घरात ओले कपडे कोठे वाळतात? स्लॅबवरच्या पाइपाचे तोंड शेवटचे कधी पाहिले? वाफेला बाहेर जायला वाट आहे का?

आज वाचलेले आज रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवा. आणि वाचून झाले, की सगळ्यांनी मिळून एकदा मान वर करून छत पाहा.